गाडीवरची गिरिजाबाई

मु. कवठवाडी, पोस्ट मंठा
ता. ४ नोव्हेंबर १९७६

मला गाडीच्या मागं बांधायच्या आधी एक शब्द इचारला असतास तर तुझी जीभ झडली असती का, देवानंद?

काल साहेबराव दुकानदार मंठ्याहून आला आन पारावर चारचौघांत म्हणाला, "गिरिजाबाई, तुमी तर जालन्याच्या रोडवर रोज दिसून राह्यल्या. नातवानं जीपच्या मागं बसवलं तुमाला. गाडी चालली की तुमचा हात वरखाली, वरखाली. खडी फोडून राह्यल्या." लोक हसले. मी पण हसले, कारण काय चाललंय ते मला ठावं न्हवतं. घरी आल्यावर कळलं की आपण आपल्यालाच हसलो.

आता जयभीम. तू बरा असशील, मी बरी आहे. हे वर लिहायचं राह्यलं ते इथं लिहिलं.

बाकीचं पण त्यानं सांगितलं. बॉनेटवर पत्र्याचा कोंबडा, वारा लागला की पंख मारतो. काच पुसायच्या दांड्यांना दोन लाकडी बैल, पाऊस असो नसो माना हालवतात. ब्रेक दाबला की रबरी माकड झांजा वाजवतं. टपावर छत्री गरगर फिरते. ते तुझं तू जाण. लष्करानं भंगारात काढलेली जीप तू आन मच्छिंद्र मिस्त्रीनं मिळून जिती केली, तिला आता लुगडं नेसव न्हाईतर मुंडावळ्या बांध, माझं काही म्हणणं न्हाई. लहानपणी पण तू असाच होतास. चहाच्या डब्याचं झाकण कापून त्याचं भिंगरं केल्तं, वर्षभर माझा चहा उघडा राह्यला.

पण खडी? देवा, त्या रोडची खडी मी फोडली आहे. तुझी माय गेली तवा तू दोन वर्षांचा होतास, तुला लिंबाखाली झोळीत टाकून फोडली. मंग दुष्काळात पुन्हा फोडली. डाव्या अंगठ्याचं नख अजून उगवलं न्हाई. ज्या रोडवर मी उन्हात बसले, त्याच रोडवर तू मला लोकांच्या करमणुकीला बसवलंस. ती बाहुली आधी काढ, मंग जेव.

गिरिजाबाई


जुना जालना
ता. १३ नोव्हेंबर १९७६

प्रिय आजीस देवानंदचा जयभीम.

तुझं पत्र गॅरेजात आलं. मच्छिंद्र मिस्त्रीनं माझं तोंड बघून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, आजीचं पत्र आहे. ते म्हणाले, मग बरोबर आहे.

साहेबराव दुकानाच्या पायरीवरून, चालत्या गाडीवर बघतो. त्याला हात वरखाली दिसला, हातात काय आहे ते दिसलं नाही. ती खडी नाही, आजी. हातोडा पण नाही. काय आहे ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू घरी बसून "बरं बरं" म्हणशील आणि येणार नाहीस. दर बाजाराला मी सवाऱ्या घेऊन मंठ्याला येतो, स्टँडजवळच्या लिंबाखाली गाडी लावतो. ये, स्वतःच्या डोळ्यानं बघ. मग काढ म्हणालीस तर काढीन.

बाहुली काही खेळ म्हणून केली नाही. मागच्या चाकाला सायकलची चैन लावली, तिला शिवणयंत्राची फिरकी, फिरकीला तुझा हात. चार महिने लागले. अंगावर तुझ्याच जांभळ्या लुगड्याचा तुकडा आहे, गाडी पुसायला म्हणून दिला होतास तो. त्यानं मी गाडी पुसू शकलो नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या पत्रात तिसरी ओळ दुसरीवर चढली आहे. शेवटच्या दोन कागदाबाहेर गेल्या. पत्त्यावर माझं नाव अर्धं तिकिटाखाली आहे, डाकवाल्यानं गाव बघून आणून दिलं. दोन वर्षांपूर्वी प्रौढ वर्गातून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते सगळ्या गॅरेजला दाखवलं होतं, ओळी दोरी लावल्यासारख्या होत्या.

आजी, तुझे डोळे चाललेत. वीस जानेवारीला इथं धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. मोतीबिंदू काढतात. पुढचं शिबिर वर्षानंतर. नाव घालू का?

तुझा,
देवानंद


कवठवाडी
ता. १० डिसेंबर १९७६

तुझी शाई कसली आहे रे? पाणी घालून लिहितोस का? पुढच्या बारीला काळ्या शाईनं आन मोठ्या अक्षरात लिही. माझे डोळे चांगले आहेत, शाई वाईट आहे. ओळीवर ओळ चढली कारण पाट डगमगतो. पाटाचं नाव घाल शिबिरात.

आन शिबिराचं नाव आता काढू नकोस. यंदा शिबिर म्हटलं की नसबंदीच्या भेवानं आपल्या गावातले गडी तुरीत जाऊन बसतात, दोन दोन दिवस भाकरीला येत न्हाईत. माझं तिथं कापण्यासारखं काही राह्यलं न्हाई हे मला ठावं आहे, पण कापणाऱ्याला कोण सांगणार?

परवा मी मंठ्याला गेल्ते. एकटी. लिंबाखाली तुझी जीप बराबर सापडली, छत्री फडफडून राह्यली होती, कोंबडा पत्र्यावानी वाजून राह्यला होता. तू चहाला गेल्तास म्हणे. मी काठी टेकत मागं गेले, तर बसलेली बाईसाहेब. जांभळं लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर गठुडं. हातात काहीच न्हाई. हातोडा काढून टाकलास आन वरून मला म्हणतोस की न्हवताच.

मी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन सुनावलं. म्हटलं, "बये, माझं सोंग घेऊन गावभर हिंडतेस, लाज न्हाई वाटत?" आन काठीचं टोक गालाला टोचलं. तर ती चावायला लागली. जबडा खालीवर, खालीवर. देवा, एवढं मात्र मानलं. दात नसलेली बाई कशी चावते ते तू बराबर उतरवलं. पण गाल मऊ कशाला केलास? रबर लावलंस का? पहिल्या पावसात सडंल. नाक बिलकुल माझं न्हाई. माझं इतकं फताडं न्हाई.

डोळे चालले असते तर नाक दिसलं असतं का? मंग आता शिबिराचा इषय बंद.

गिरिजाबाई


जुना जालना
ता. १६ डिसेंबर १९७६

प्रिय आजीस जयभीम.

काळ्या शाईनं लिहितोय. मोठ्या अक्षरात लिहितोय. बसून वाच.

त्या दिवशी बाहुली गाडीवर नव्हती. आदल्या दिवशी चैन तुटली म्हणून ती इथं गॅरेजात खिळ्याला टांगलेली होती, अजून आहे. तिची जागा रिकामी म्हणून तिथं एक सवारी बसली होती. झुंबरबाई त्यांचं नाव, अंबडला लेकीकडे राहतात, मंठ्याहून परत निघाल्या होत्या. पान चावत होत्या. त्यांचं लुगडं हिरवं होतं.

मी कपबशी टाकून पळत आलो तोवर तू निघून गेली होतीस. मी त्यांच्या पाया पडलो. मला वाटलं आता ह्या चप्पल काढतात. तर त्या गाल चोळत म्हणाल्या, "माझी सासू मरून तीस वर्षं झाली. तिच्यामागं इतकं जवळ येऊन मला कोणी बोललं न्हवतं." आणि गाडी हलेपर्यंत हसल्या.

मग एकदम हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "लेकरा, हिला दिसत न्हाई. माझ्या तोंडापुढं इतभर तोंड आणलं आन मला लाकूड समजली. माझं पण असंच झाल्तं. मी जावई समजून बैलापुढं चहाची कपबशी ठेवल्ती, आन तो पीत कसा न्हाई म्हणून रुसले." मागच्या साली ह्याच शिबिरात त्यांचे डोळे झाले. आता त्या जाड भिंगाचा चष्मा लावून गव्हातले खडे निवडतात.

त्या म्हणाल्या, म्हातारीला घेऊन ये, मी तिच्या उशाशी बसते. मला टोचलं त्याचा हिशेब पण करायचा आहे.

आजी, तुला हिरवं जांभळं दिसतंय. माणूस लाकूड दिसतंय. पाट डगमगत नाही.

देवानंद


जुना जालना
ता. ३ जानेवारी १९७७

आजी,

अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. शिवी पण नाही. भुजंग पोस्टमनला मी मंठ्यात गाठून विचारलं, तो म्हणाला पत्र हातात दिलंय. म्हणजे मिळालंय.

चुकून टोचलं म्हणून लाज धरून बसू नकोस. झुंबरबाई येणाऱ्या जाणाऱ्याला गाल दाखवून ती गोष्ट सांगतात, त्यांना त्याच्यात मजा आहे. लाजेपायी डोळे घालवू नकोस एवढंच म्हणतो. मी तुझं नाव घातलं आहे. अठरा तारखेला सकाळी गाडी घेऊन दारात येतो. तू बसली नाहीस तर रिकामी गाडी परत नेईन, पण येणार हे नक्की.

देवानंद


कवठवाडी
ता. १० जानेवारी १९७७

लुगडं हिरवं होतं हे लिहायची काय गरज होती? बेबीनंदासमोर माझी शोभा झाली.

होय, बेबीनंदाच वाचते. वर्गाची बाई तीच, तिनंच शिकवलं, आता तिलाच वाचून दाखवायला लागतं. पोळ्यापासून तुझं एक पत्र मी वाचलेलं न्हाई. काळ्या शाईचं पण न्हाई. उजव्या डोळ्यात निस्ता धूर आहे. डाव्यात कंदिलाची काच न पुसल्यावानी. लिहिते ते हाताच्या सवयीनं, हात आपला चालतो. ही सगळी गोष्ट मी बेबीनंदाबिगर कोणाला सांगितली न्हवती, कारण इचारलं न्हवतं कोणी. तू इचारलंस, मंग शाईवर घातली.

मी लाज धरून बसले न्हवते. इचार करून राह्यले होते.

देवा, जलमभर भुजंगनं आन त्याच्या आधी त्याच्या बापानं पत्रं वाचून दाखवली. मधलं काही गाळलं का, पदरचं काही घातलं का, मला काय कळणार? तुझा बाप औरंगाबादला वारला ते पत्र भुजंगच्या बापानं वाचलं. वाचायच्या आधी पाणी मागितलं, तवाच मला कळलं. मंग साठाव्या वर्षी वर्गात बसले. पोरीटोरी हसायच्या. पण त्याच्यानंतर दोन वर्षं तुझं पत्र दार लावून, एकटीनं वाचलं. कोणाच्या तोंडाकडं बघावं लागलं न्हाई. आता शिबिरात नेऊन त्यांनी डोळ्यात काहीबाही केलं आन उरलाय तो कंदील पण इझला तर? आपल्या गावच्या कोंडाबाईचा तसाच इझला. म्हणून भेते. भेते हे लिहिलंय, तोंडानं म्हणणार न्हाई, आन तू पण काढायचं न्हाई.

बेबीनंदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, आता तरी कुठं वाचताय?" पोरगी लई बोलते. पण बराबर बोलते.

तर ये. माझ्या अटी ऐक. मी पुढं बसणार. मागं त्या बाहुलीजवळ बसणार न्हाई. वाटंत माकडानं झांजा वाजवल्या तर उतरून चालायला लागीन. साहेबरावच्या दुकानापुढून गाडी जल्दी काढायची. किंवा असं कर, थांबव. बघू तो काय म्हणतो.

त्या झुंबरबाईला सांग, माझ्या काठीचं टोक घासून बोथट झालंय, लागलं नसंल. लागलं असंल तर तिनं एकदा टोचून घ्यावं, पण पट्टी सुटल्यावर.

गिरिजाबाई


जुना जालना
ता. २८ फेब्रुवारी १९७७

प्रिय आजीस जयभीम.

पोहोचलो. चष्म्याची डावी काडी सैल वाटली तर दोरा बांध, मी येईन तेव्हा पिळून देईन. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही आणि वाकायचं नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, एकदा तुला आणि एकदा मला, कारण तू ऐकत नव्हतीस.

एक विचारायचं आहे. काल मी चष्मा तुझ्या नाकावर ठेवला. तू आधी माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, वाळलास. मग उठून गाडीच्या मागं गेलीस. मी गाडी हळूहळू पारापर्यंत नेली आणि परत आणली, तिचा हात चालताना तुला दिसावा म्हणून. तू पदर धरून उभी होतीस. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू पाठ फिरवलीस. आत जाऊन चूल पेटवलीस, भाकरी वाढलीस, आणि तूर किती झाली ते सांगत बसलीस.

तिच्या मांडीवर काय आहे ते तुला दिसलं असेलच. आवडलं नसेल तर सरळ लिही. मी शब्द दिला होता, काढून टाकतो. मिस्त्री पण म्हणतात, माणसाला विचारल्याशिवाय त्याला गाडीवर घ्यायला नको होतं.

देवानंद


कवठवाडी
ता. ६ मार्च १९७७

पाटी उलटी बसवलीस. तारा वर पायजेत, मणी तिच्या पोटाकडं आलेत. अशी पाटी धरून मी वर्गात गेले असते तर बेबीनंदानं मला पुन्हा पहिल्या दिवसापासून बसवलं असतं. आन नाक. झुंबरबाईच्या नाकाला मी फताडं म्हटलं, ते आता मागं घेते, कारण तू माझं जे केलंस ते त्याच्या वर आहे.

जयभीम. हे पत्र मी एकटीनं लिहून राह्यले, दार लावून. तुझं पण असंच वाचलं. ओळी बघ.

त्या दिवशी पाठ फिरवली ती रुसून न्हाई. मला खडी बघायची सवय झाल्ती. चार महिने मी मनात तिच्या हातात हातोडा धरून बसले होते, तुला शिव्या देत. आन चष्म्यातून बघते तर मांडीवर पाटी, हातात पेन्सिल, आन गाडी चालली की बाई लिहून राह्यली. साहेबरावला ती खडी दिसली. त्याचा पण कसूर न्हाई, त्यानं मला दुसरं काही करताना पाह्यलंच न्हवतं. काल मी त्याच्या दुकानात गेले, डब्यांवरची नावं एकामागून एक मोठ्यानं वाचली, आन काही न घेता आले.

मी तुला पाठमोरी होऊन चूल पेटवली ती धुरासाठी. ऑपरेशनच्या डोळ्याला धूर चालत न्हाई हे मला नंतर आठवलं. डॉक्टरला सांगू नको.

आता एक चूक सांगते, ती मात्र दुरुस्त करायची. पाटीवर तू रंगानं माझं नाव लिहिलंस. चांगलं लिहिलंस. पण ते खरं न्हाई. वर्गात पहिल्या दिवशी बेबीनंदा म्हणाली, आजी, आधी आपलं नाव शिका. मी म्हटलं, माझं नाव मला ठावं आहे, ते लिहून कोणाला पाठवू? पत्त्यावर जे लागतं ते शिकव. मंग तिनं तुझं शिकवलं. 'देवानंद' यायला मला सतरा दिवस लागले. माझं त्याच्यानंतर, ते एका दुपारी आलं. तर माझं पुस आन तुझं लिही. बाहुलीला लिहायचं तर बराबर लिहू दे. ती तुझ्या पाठीला पाठ लावून बसते, तुला ते दिसायचं न्हाई, लोकांना दिसंल. तेवढं पुरे.

बाहुली राहू दे. मला आता इचारलंस, मी हो म्हटलं.

झुंबरबाईची गोष्ट तुला ठावं न्हाई ती लिहिते. शिबिरात डोळ्याला पट्टी, मान हालवायची न्हाई, दोन्हीकडं वाळूच्या पिशव्या. पाच दिवस मी धोंड्यावानी पडून. ती उशाशी बसून बोलायची, तिच्या लेकीचं, जावयाचं, चहा न पिणाऱ्या बैलाचं. तिसऱ्या दिवशी मला ऐकवंना, मी म्हटलं, हात दे इकडं. तिच्या तळहातावर बोटानं अक्षर काढलं. मला पट्टीमुळं दिसंना, तिला अक्षरच ठावं न्हाई, पण बोट फिरलं की तिला गुदगुल्या व्हायच्या आन ती गप बसायची. तेवढ्यासाठीच केल्तं. तर चौथ्या दिवशी तिनं माझा हात ओढला आन माझ्या तळहातावर तेच अक्षर काढलं. बराबर काढलं. मंग पाचव्या दिवशी मी दुसरं दिलं. ती म्हणाली, "ह्या वयात हे काय करू?" मी म्हटलं, जावयाला शिव्या लिही.

ह्या पत्रासंगं पेन्सिलीचे दोन तुकडे आन माझी पाटी बांधून भुजंगकडं देऊन राह्यले. अंबडला जाशील तवा तिच्या हातात दे, लेकीच्या न्हाई, जावयाच्या तर बिलकुल न्हाई. टोचल्याचा हिशेब तिनं करायचा राह्यलाय, तो तिनं पाटीवर करावा.

आन ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं न्हाई. झुंबरबाईनं लिहायचं, तिच्या हातानं. एक अक्षर आलं तरी चालंल, वाकडं आलं तरी चालंल. दुसऱ्या कोणाचं अक्षर आलं तर मला आता दिसतं.

गिरिजाबाई